मालदीवची आयात आणि परतीचं भाडं

मालदीवमध्ये सुमारे १,१९२ बेटं आहेत आणि त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर लोकवस्ती आहे. तांदूळ, कणीक, साखर, डिझेल, सिमेंट, झालंच तर बांधकामाची खडी, सगळं बाहेरून यायचं. २०२४-२५ साठी भारताने या देशाला मंजूर केलेल्या कोट्यात नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी दहा लाख टन होती! समुद्राने वेढलेल्या देशातल्या महागाईचं खापर सहसा अंतरावर फोडलं जातं. पण तुतिकोरिन किंवा कोलंबोहून माले फार लांब नाही. भाडं चढतं ते अंतरापेक्षा परतीच्या रिकाम्या फेरीमुळे. जहाज भरून येतं. जाताना गोठवलेला कुपा मासा सोडला तर त्याला न्यायला फारसं काही मिळत नाही. रिकामे कंटेनर माघारी नेण्याचा खर्च मग येणाऱ्या तांदळाच्या पोत्यावरच बसतो.

विमानाचं गणित नेमकं उलटं आहे. हुल्हुले बेटावरच्या वेलाना विमानतळावर पर्यटकांना घेऊन येणाऱ्या विमानांच्या पोटात ताजी भाजी, फळं, औषधं येतात आणि त्याच पोटातून बर्फातला ताजा कुपा परदेशी बाजारांत जातो. दोन्ही बाजूंना भाडं मिळतं. त्यामुळे एरवी चैनीची वाटणारी हवाई वाहतूक इथे रोजच्या व्यवहाराचा भाग होऊन बसली आहे. ही सोय अर्थात पर्यटकाच्या तिकिटावर उभी आहे. मार्च २०२० मध्ये देशाने पर्यटकांना दार बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत उघडलं नाही. प्रवासी विमानांबरोबर त्यांच्या पोटातली जागाही गेली. एप्रिलच्या सुरुवातीला ६.२ टन औषधं पोचवायला भारतीय हवाई दलाचं विमान लागलं.

मग विमानावर भिस्त ठेवूच नये, असं कोणी म्हणेल. डिसेंबर २०१४ चा अनुभव तसं म्हणू देत नाही. मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. पहिल्या तासांत भारतीय हवाई दलाची विमानं बाटलीबंद पाणी घेऊन उतरली. पण शहराची तहान भागेल एवढा साठा न्यायला मुंबईहून ‘दीपक’ हे नौदलाचं जहाज सुमारे हजार टन पाणी घेऊन निघालं. विमानाने वेळ विकत घेता येतो, साठा नाही. दोन्हींत निवड करायची नसते, दोन्हींना भाडं मिळत राहील एवढं पाहायचं असतं.

दुसरा आक्षेप एकाच शेजाऱ्यावर विसंबण्याचा, आणि तो वजनदार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली तेव्हा नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मालदीवचा कांदा मात्र १९८१ च्या व्यापार कराराखालच्या कोट्यातून सुटला. करार होता म्हणून निभावलं. पण कोटा मंजूर करणं दिल्लीच्या हातात असतं, हेही खरंच. स्वतः पिकवावं म्हटलं, तर प्रवाळाच्या पातळ मातीवर भात होत नाही. साठा वाढवावा म्हटलं, तर जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या मालेत वखारीला जागा कुठून आणायची?

म्हणूनच बंदर राजधानीतून हलवण्याची चर्चा मालेजवळच्याच गुल्हीफाल्हूकडून थिलाफुशी बेटाकडे सरकत राहिली आहे. मोठी गोदी हवीच. पण सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या तुतिकोरिन-कोची-माले मालवाहू सेवेतला उत्तर मालदीवमधल्या कुल्हुधुफुशीचा थांबा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्तरेकडच्या बेटांचा माल आधी मालेला उतरवायचा आणि मग छोट्या होड्यांतून पुन्हा उत्तरेला चढवायचा, हा दुहेरी हमालीचा प्रकार अशा थांब्याने टळू शकतो. अशी सेवा सरकारी आधाराशिवाय टिकणार नाही, असं टीकाकार म्हणतात. नसेलही टिकत. पण रिकाम्या कंटेनरांचं भाडं आजही कोणीतरी भरतंच आहे, आणि त्यातला मोठा वाटा दूरच्या बेटावरच्या किराणा दुकानात वसूल होतो.