तोफांची रोजनिशी

दुसऱ्या महायुद्धाला १९३९ साली तोंड लागलं आणि १९४५ साली ते संपलं. त्या युद्धावरून परत आलेला माणूस घरी फारसं बोलत नसे. पोरांनी विचारलं, तर “तोफखान्यात होतो” एवढं सांगून तो विषय बदलायचा. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून हे जसं घडलं, तसंच ते ब्रिटनमधल्या घरांतूनही घडलं. आता तो माणूस राहिला नाही. मागे आहेत दोन-चार पदकं, एखादा पिवळा पडलेला फोटो आणि मुलानातवंडांच्या मनातला एक प्रश्न : आमचे आजोबा युद्धात होते कुठं, आणि करत काय होते?

या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक रीत आहे. ती आपण एका उदाहरणावरून समजावून घेऊ. उदाहरण घेतलं आहे ब्रिटिश विमानविरोधी तोफखान्याचं. ते जरा अवघड आहे. पण अवघड गणित एकदा सुटलं की त्या जातीची सोपी गणितं आपोआप सुटतात, हे शिक्षक मंडळींना मी सांगायला नको.

पहिली अडचण नावाची. ब्रिटिश फौजेत ‘रेजिमेंट’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. सबंध तोफखान्याला मिळून ‘रॉयल रेजिमेंट ऑफ आर्टिलरी’ असं नाव आहे. आणि त्याच तोफखान्यातल्या प्रत्येक लहान गटालाही, पुढं क्रमांक लावून, रेजिमेंटच म्हणतात. म्हणजे “आजोबा रॉयल आर्टिलरीत होते” एवढंच ठाऊक असेल, तर आपल्याला काहीच ठाऊक नाही असं समजा. अमुक गाडीनं गेले असं न सांगता नुसतं “रेल्वेनं गेले” असं सांगण्यासारखं ते आहे. पायदळाच्या पलटणीच्या निशाणावर तिनं लढलेल्या लढायांची नावं असतात. तोफखान्याला तसं निशाण नाही. तोफ हेच त्यांचं निशाण, आणि बिल्ल्यावर लॅटिन शब्द, ‘उबिक्वे’. त्याचा अर्थ ‘सर्वत्र’. सर्वत्र म्हटल्यावर शोधणाऱ्यानं जायचं तरी कुठं?

दुसरी अडचण रचनेची. विमानविरोधी रेजिमेंट दोन प्रकारच्या होत्या. जड रेजिमेंटकडे बहुधा ३.७ इंची तोफा असत. अशा तोफेचा गोळा २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास; उंचावरून येणाऱ्या बाँबफेकी विमानांसाठी तो असे. हलक्या रेजिमेंटकडे ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा. खालून झेपावत येणाऱ्या विमानांवर त्या भराभर मारा करीत. जड रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या आणि प्रत्येक बॅटरीत आठ तोफा, असा चोवीस तोफांचा संसार असे. पण तो एका जागी नांदत नसे. एक बॅटरी बंदरावर, दुसरी विमानतळावर, तिसरी पाच-पन्नास मैलांवरच्या कारखान्याजवळ. कधी एखादी बॅटरी उचलून दुसऱ्याच रेजिमेंटला जोडून देत. त्यामुळे रेजिमेंटच्या कचेरीचा ठावठिकाणा लागला, म्हणून आपला माणूस तिथंच होता असं होत नाही. बॅटरीचा क्रमांक मिळवावा लागतो.

त्यातून नावंही बदलत. आधी ज्या गटाला ‘ब्रिगेड’ म्हणत, त्यालाच युद्धाच्या तोंडावर ‘रेजिमेंट’ म्हणू लागले. १९४० च्या उन्हाळ्यात त्याच्या नावात ‘जड’ हा शब्द आला. पायदळाच्या काही पलटणी तर जशाच्या तशा विमानविरोधी तोफांवर किंवा शोधदिव्यांवर घातल्या गेल्या. १९४७ साली हौशी सैनिकांची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, पुन्हा उभारणी झाली, तेव्हा क्रमांक नवे आले. पुढं १९५५ साली ब्रिटनचं विमानविरोधी कमांडच मोडलं. घर विकलं गेलं, की त्या घराच्या आठवणी सांगणारं दार उरत नाही. या रेजिमेंटांचं तसंच झालं.

आता ट्रंकेतल्या पदकांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना दिली, ती कोरी. त्यांच्यावर नाव नाही, क्रमांक नाही. पण पदक मुकं असलं तरी अगदी निरुपयोगी नाही. आफ्रिका स्टार असेल तर माणूस उत्तर आफ्रिकेकडे गेला होता. इटली स्टार, बर्मा स्टार यांची नावंच बोलकी आहेत. पॅसिफिक स्टार ब्रिटिश तोफवाल्याच्या घरात निघाला, तर मलाया, सिंगापूर, हाँगकाँग, जावा हा प्रदेश डोळ्यांपुढं आणावा. म्हणजे पदकावरून दिशा कळते, गाव कळत नाही.

गाव कळतं कागदावरून. माणसाची स्वतःची सेवापत्रिका हा पहिला कागद. तिच्यात भरतीची तारीख, बदल्या आणि रेजिमेंटचे क्रमांक असतात. ही पत्रकं ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे होती. २०२२ पासून ती लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्याकडे देण्याचं काम सुरू झालं. रेजिमेंट कळली, की दुसरा आणि सर्वांत मोलाचा कागद शोधायचा. तो म्हणजे युद्ध-रोजनिशी.

पेशवे दप्तर ज्यांनी ऐकून-वाचून माहीत करून घेतलं आहे, त्यांना बखर आणि रोजनिशी यांतला फरक ठाऊक आहे. बखर मागाहून लिहिली जाते. तिच्यात पराक्रम असतो, रंग असतो, आणि कधी कधी चूकही असते. रोजनिशी त्या दिवशी लिहिली जाते. तिच्यात रंग नसतो. ब्रिटिश फौजेत प्रत्येक पलटणीनं युद्धकाळात रोजनिशी ठेवावी असा नियम होता. त्यासाठी छापील फॉर्म होता. रकाने असे : ठिकाण, तारीख, वेळ, काय घडलं, आणि सोबत जोडलेले कागद. कचेरीतला एखादा अधिकारी ती लिही आणि महिन्याकाठी वर पाठवून देई. अमक्या वाजता इशारा झाला, इतके गोळे झाडले, अमुक बॅटरी अमुक गावी हलली, अशा कोरड्या ओळी. साध्या शिपायाचं नाव तिच्यात क्वचितच सापडतं. पण आपला माणूस कुठल्या बॅटरीत होता हे एकदा कळलं, की त्या कोरड्या ओळीच त्याची कहाणी सांगू लागतात.

या रोजनिश्या क्यूला प्रदेशवार लावून ठेवलेल्या आहेत. युद्धखात्याच्या दप्तरातला १६६ हा गट मायदेशातल्या पलटणींचा, १६७ हा १९३९-४० साली फ्रान्सला गेलेल्या फौजेचा, १६९ मध्यपूर्वेचा, १७० इटलीकडचा, १७१ उत्तर-पश्चिम युरोपचा आणि १७२ आग्नेय आशियाचा. एकाच रेजिमेंटची रोजनिशी तीन-तीन गटांत वाटलेली असू शकते; कारण माणसं हलली, की कागदाचा खण बदलतो. रेजिमेंटची रोजनिशी अपुरी निघाली, तर तिच्यावरच्या ब्रिगेडची पाहावी. तलाठ्याकडे नोंद सापडली नाही, तर आपण मामलेदार कचेरीत जातो, तोच हा प्रकार.

पण रोजनिशीच नसेल तर? याचं उदाहरण म्हणून ७७ वी जड विमानविरोधी रेजिमेंट घेऊ. ही वेल्समधल्या हौशी सैनिकांची रेजिमेंट. तिच्यात कार्डिफकडचे खेळाडू बरेच होते. रग्बी आणि क्रिकेट दोन्ही खेळणारा विल्फ वुलर हा त्यांतलाच. डिसेंबर १९४१ मध्ये ही रेजिमेंट जहाजावर चढली, ती मध्यपूर्वेकडे जाण्यासाठी. वाटेत असताना जपान युद्धात उतरला होता. म्हणून जहाजं पूर्वेकडे वळवली. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी तोफवाले जावा बेटावर उतरले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. महिनाअखेरच्या रात्री जपानी फौजा जावाच्या किनाऱ्याला लागल्या. ८ मार्चला डच सेनापतींनी शस्त्रं खाली ठेवली, आणि १२ मार्चला बांडुंग इथं ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शरणपत्रावर सह्या केल्या. बेटावर पाऊल ठेवल्यापासून दीड महिन्याच्या आत सगळा कारभार आटोपला.

शरण जाताना कागद शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते नष्ट करतात. त्यातून तीन वर्षं आणि वर काही महिन्यांचा तुरुंगवास पुढं उभा. या काळाची रोजनिशी कोण लिहिणार? घरी वाट पाहणाऱ्या आईला आणि बायकोला आपला माणूस जिवंत आहे की नाही, एवढंही कित्येक महिने कळलं नाही. शोधणाऱ्यापुढं इथं कोरं पान येतं.

हे कोरं पान भरायला तीन कागद उपयोगी पडतात. एक, जपान्यांनीच ठेवलेली कैद्यांची कार्डं. अशी पन्नास हजारांहून अधिक कार्डं क्यूला जपलेली आहेत. त्यांवर नाव, पलटण, पकडल्याची जागा आणि तारीख असते. मजकूर काही इंग्रजी, काही जपानी. जो कैदेतच वारला, त्याच्या कार्डावर तिरपी लाल रेघ ओढलेली दिसते. दोन, सुटकेच्या वेळी कैद्यांनी भरून दिलेली प्रश्नपत्रकं. जर्मन आणि जपानी अशा दोन्ही कैदेतून सुटलेल्यांची मिळून ती सुमारे १ लाख ४० हजार आहेत. कुठल्या छावणीत किती दिवस होतो, हे माणूस तिथं स्वतःच्या हातानं सांगतो. तीन, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी. तिच्यात नावापुढं रेजिमेंट आणि पुष्कळदा बॅटरीही दिलेली असते.

या यादीतून एक युक्ती साधता येते. एकाच तारखेला बरीच माणसं गेलेली दिसली, तर त्या तारखेला काय घडलं ते पाहावं. जावात पकडलेल्या हवाईदलाच्या आणि तोफखान्याच्या लोकांना पुढं आंबोन, हारुकू अशा बेटांवर धावपट्ट्या बांधायला नेलं होतं. त्यांतले आजारी लोक ‘सुएझ मारू’ या जहाजातून जावाकडे परत आणत असताना, २९ नोव्हेंबर १९४३ रोजी एका अमेरिकन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. आत कैदी आहेत, हे पाणबुडीवाल्यांना कळण्याजोगं नव्हतं. पाण्यात तरंगत राहिलेल्या कैद्यांवर सोबतच्या जपानी नौकेनं गोळ्या झाडल्या. पाचशेहून अधिक कैद्यांपैकी एकही वाचला नाही. त्यांना कबर नाही. अशा बेपत्ता लोकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. एक तारीख आणि एक नाव जुळलं, की ऐंशी वर्षांपूर्वीचा प्रश्न सुटतो. सुटतो म्हणजे दुःख संपतं असं नाही; पण निदान कुठं आणि कसं, हे घरच्यांना कळतं.

विल्फ वुलर मात्र कैदेतून जिवंत परतला. पुढं तो ग्लॅमॉर्गन संघाचा कर्णधार झाला, आणि १९४८ साली त्या संघानं काउंटी स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली.

शोध घेताना दोन पथ्यं पाळावीत. रेजिमेंट तिथं होती, म्हणून आपला माणूस तिथं होताच असं धरून चालू नये. तो आजारी असेल, रजेवर असेल, बदलून गेला असेल. तारीख तारखेशी ताडून पाहावी. आणि घरातली ऐकीव गोष्ट लगेच खोटी म्हणू नये, लगेच खरीही मानू नये. ती वहीत लिहून ठेवावी, आणि शेजारी एक रकाना कोरा सोडावा. कागद सापडला की तो भरावा.

हे सारं लांबचं वाटलं तरी आपल्यालाही लागू आहे. त्या युद्धात आपल्या गावागावांतून माणसं गेली. भारतीय पलटणींच्या बऱ्याच रोजनिश्या याच गटांतून ठेवलेल्या आहेत. आणि एका बाबतीत आपलं काम सोपं आहे : भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर पुष्कळदा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. तेव्हा आजीच्या पेटीतलं काळवंडलेलं पदक घासूनपुसून मोडीत घालण्याआधी भिंगाखाली धरून पाहा. पुण्याजवळच्या खडकीला युद्धसमाधिस्थान आहे. पश्चिम आणि मध्य भारतातल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी तिथं एकत्र आणलेल्या आहेत. शाळेची सहल पुण्याकडे निघाली, तर तासभर तिथं थांबावं. शिळेवरचं नाव, क्रमांक, पलटण आणि तारीख मुलांनी वहीत उतरवून घ्यावी.

इतिहास म्हणजे राजे आणि तह एवढंच नव्हे, हे मुलांना त्या चार ओळींवरून समजेल. आणि गावात कुणी म्हातारा सैनिक किंवा त्याची बायको अजून हयात असेल, तर वही घेऊन आधी तिकडं जा. दप्तर थांबतं, माणसं थांबत नाहीत.