पानांची जुळणी, आज्ञेवर (लेखांक ६) : फोल्डरमधली चार ओळींची फाइल

मागच्या लेखांकात आपण झीलाटेकने, म्हणजे लाटेक या पाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका इंजिनाने, एकाच पानावर मराठी, उर्दू आणि तेलुगू मजकूर बसवला. भिवंडीत हा हौसेचा प्रयोग नाही. यंत्रमाग कामगारांसाठी कुणी माहितीपुस्तिका काढायची म्हटली, तर नुसत्या मराठीवर भागत नाही. पद्मानगरात तेलुगू लागते, शहराच्या मोठ्या भागात उर्दू, आणि उर्दू म्हणजे नस्तालीक वळणाची. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून तिरपे खाली उतरतात, म्हणून ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. जागा सोडली की पाने सरकतात, पाने सरकली की अनुक्रमणिका चुकते.

अनुक्रमणिकेचे दुखणे लाटेकच्या स्वभावातच आहे. पहिल्या फेरीत तो प्रकरणांचे पृष्ठांक एका साहाय्यक फाइलीत लिहून ठेवतो, दुसऱ्या फेरीत तिथून वाचून अनुक्रमणिका छापतो. अनुक्रमणिकेनेच एक पान वाढवले तर तिसरी फेरी आली. शेवटी शब्दसूची असेल तर मध्ये तिची वेगळी आज्ञा, मग पुन्हा लाटेक. हे सगळे लक्षात ठेवणारा माणूस रजेवर गेला की पुस्तिका अडली. डीटीपीच्या धंद्यात असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही धावपळ लाटेकएमके नावाची आज्ञा करते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉलिन्स ती वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत. मूळ प्रोग्रॅम पर्ल भाषेतला. प्रत्येक फेरीनंतर तो साहाय्यक फाइलींचे ठसे, म्हणजे मजकुरावरून काढलेले आकडे, आधीच्या ठशांशी ताडून पाहतो. काही बदलले असेल तर पुन्हा फेरी, नाही तर काम संपले. पानांचे सरकणे थांबतच नसेल तर पाच फेऱ्यांनंतर तो हात टेकतो. ही मर्यादा बदलता येते, पण बदलावी लागली तर दोष बहुधा आपल्या मजकुरात असतो.

मात्र आपल्याला कोणते इंजिन हवे, सूची कशी लावायची, हे त्याला सांगावे लागते. ते सांगायची जागा म्हणजे ‘लाटेकएमकेआरसी’ नावाची साधी मजकूर फाइल. कामाच्या फोल्डरात ठेवताना नावाआधी टिंब दिले तरी चालते, न दिले तरी चालते. विंडोजवर नोटपॅड तिच्या मागे गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतो आणि मग ती कुणी वाचतच नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. (लाटेकचा मिकटेक हा संच वापरणाऱ्यांनी पर्ल वेगळे बसवून घ्यावे; विंडोजवरच्या टेक लाइव्ह या संचाबरोबर ते येते.)

पहिली ओळ अशी :

$पीडीएफ_मोड = ५;

आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना अक्षरे आणि अंक दोन्ही रोमन हवेत. देवनागरी पाच टाकला तर पर्ल तिथेच अडते. शेवटचा अर्धविराम विसरायचा नाही, ही फाइल पर्लचा प्रोग्रॅमच आहे. १ म्हणजे पीडीएफलाटेक, ४ म्हणजे लुआलाटेक, ५ म्हणजे झीलाटेक. आपल्या तीन लिप्यांसाठी ४ किंवा ५ हवे, कारण संगणकातले ओपनटाइप फॉन्ट ही दोनच इंजिने सरळ वापरतात. मी ५ घेतो. लुआलाटेकमध्ये फॉन्टसाठी हार्फबझ हा आकारजोडणीचा पर्याय प्रत्येक वेळी मागून घ्यावा लागतो; झीलाटेकमध्ये तो आतच आहे.

दुसरी ओळ इंजिनाच्या आज्ञेची :

$झीलाटेक = 'झीलाटेक -हॉल्ट-ऑन-एरर -सिंकटेक=१ %ओ %एस';

यातला ‘टक्का-एस’ म्हणजे मूळ फाइल, ‘टक्का-ओ’ म्हणजे लाटेकएमके स्वतःहून देते ते पर्याय. हा ‘टक्का-ओ’ निरुपयोगी समजून पुष्कळ जण गाळतात. पण झीलाटेकच्या मधल्या फेऱ्यांत लाटेकएमके पीडीएफ बनवू देत नाही, वेळ वाचवायला नुसती एक्सडीव्ही फाइल काढते आणि पीडीएफ शेवटी एकदाच करते. ती सूचना याच ‘टक्का-ओ’तून जाते. तो नसेल तर झीलाटेक पीडीएफ काढून मोकळा होतो आणि लाटेकएमकेला हवी ती एक्सडीव्ही मिळत नाही.

‘हॉल्ट-ऑन-एरर’ मी मुद्दाम ठेवतो. आडवा धागा तुटला तर माग थांबला पाहिजे, नाही तर पुढचे सगळे कापड वाया. तीन लिप्यांच्या पुस्तिकेत असा धागा कुठे तुटतो? फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षरात. तेलुगू शब्द चुकून देवनागरी फॉन्टच्या हाती गेला तर छपाईत चौकोन किंवा रिकामी जागा येते, आणि त्याची नोंद लॉग फाइलीत पडते. लॉग कोण वाचतो? म्हणून मूळ दस्तऐवजाच्या माथ्यावर ‘ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स’ची किंमत ३ करा (मूळ आज्ञेत ‘लॉस्टचार्स’ असे तोडलेले नाव आहे). टेक लाइव्ह २०२१ पासून ३ दिले की हरवलेले अक्षर ही चूक धरली जाते, आणि काम जागीच थांबते.

तिसरी ओळ सूचीची, आणि मराठी माणसाने इथे घटकाभर थांबावे. लाटेकबरोबर येणारा जुना मेकइंडेक्स देवनागरीला ओळखत नाही. तो संगणकातल्या अंतर्गत क्रमांकांवरून शब्द लावतो. युनिकोडमध्ये ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक आहे, व आणि श त्याच्या नंतर. त्यामुळे गावांच्या सूचीत कल्याण, कळवा, कशेळी असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या पुढे, म्हणजे हवे ते कल्याण, कशेळी, कळवा. यावर उपाय म्हणजे सूची लावणारा दुसरा प्रोग्रॅम, अपमेंडेक्स :

$मेकइंडेक्स = 'अपमेंडेक्स -एस सूची.आयएसटी %ओ -ओ %डी %एस';

‘टक्का-डी’ म्हणजे तयार होणारी फाइल. सोबतच्या सूची.आयएसटी या फाइलीत (नाव अर्थात रोमन अक्षरांत) ‘आयसीयू_लोकेल’ला ‘एमआर’ द्यायचे, की क्रम मराठीच्या नियमाने लागतो.

चौथी ओळ ऐच्छिक : $ऑक्स_डिर = 'कचरा'; साहाय्यक फाइली वेगळ्या फोल्डरात जातात आणि देखण्या पीडीएफभोवतीचा पसारा नजरेआड होतो.

आता ही फाइल ठेवायची कुठे? बरेच जण ती आपल्या होम फोल्डरात ठेवतात, म्हणजे प्रत्येक कामाला एकच सेटिंग. मला ते पटत नाही. लाटेकएमके आधी होम फोल्डरातली वाचते, मग चालू फोल्डरातली, आणि नंतर वाचलेली आधीच्यावर मात करते. पुस्तिकेची सेटिंग पुस्तिकेच्या फोल्डरातच असावी; फोल्डर पेन ड्राइव्हवर दुसऱ्याच्या टेबलावर गेला तरी तिथे नुसते ‘लाटेकएमके’ म्हटले की तीच पीडीएफ निघेल. फॉन्टही त्याच फोल्डरात ठेवलेत तर उत्तम. मराठीसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका मोफत आहे, उर्दूसाठी नोटो नस्तालीक.

याची दुसरी बाजूही आहे. सेटिंग म्हणजे पर्लचा प्रोग्रॅम, तेव्हा अनोळखी माणसाकडून आलेल्या फोल्डरात लाटेकएमके चालवणे म्हणजे त्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवणे. फाइल आधी उघडून वाचा. वाचूनही संशय वाटला तर ‘-नोआरसी’ हा पर्याय द्या, कोणतीच सेटिंग वाचली जाणार नाही.

मजकूर दुरुस्त करता करता पान पाहायचे असेल तर ‘-पीव्हीसी’. फाइल सेव्ह केली की पीडीएफ आपोआप ताजी होते. विंडोजवर यासाठी सुमात्रा हा वाचक बरा, तो फाइल अडवून ठेवत नाही.

आणि फेरीच्या मध्येच वीज गेली तर साहाय्यक फाइल अर्धवट लिहिलेली राहते, आणि वीज आल्यावर भलतीच चूक दिसते, जिचा तुमच्या मजकुराशी काही संबंध नसतो. मजकुरात शोधत बसू नका. ‘लाटेकएमके -जीजी’ द्या. जुने सगळे पुसून पुस्तिका पहिल्यापासून बांधली जाते. एखादा तक्ता स्प्रेडशीटमधून थेट पुस्तिकेत कसा आणायचा, ते पुढच्या आठवड्यात.