टाळ एकीकडे, गळा एकीकडे

आषाढी एकादशीच्या रात्री आमच्या येळ्ळूरच्या महिला भजनी मंडळाचं भजन मी पहिल्यांदा मोबाईलवर टिपलं. सकाळी ऐकलं, तर नुसते टाळ. मधेच पखवाजाची थाप, आणि मुख्य गाणारीचा गळा भिंतीपलीकडून आल्यासारखा. मोबाईल मोठा आवाज आपणहून दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. त्यामुळे अभंग संपला की पंख्याची घरघरच पुढे येई. टाळ कमी करायला गेले, तर गळाही कमी होई.

यावर उपाय मल्टिट्रॅक रेकॉर्डरचा. मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणजे आवाज कालवण्याआधी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवणारं यंत्र. गळा एका ट्रॅकवर, पखवाज दुसऱ्यावर, बाकीचं भजन आणखी दोन ट्रॅकवर. कुठलं किती घ्यायचं ते नंतर घरी ठरवायचं. हे काम पूर्वी स्टुडिओतल्या मोठ्या टेपयंत्रांचं होतं. 1979 साली टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ 144 आणला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरी करता येऊ लागले. आज तेच हातात मावतं आणि एसडी कार्डावर उतरतं.

घेताना मात्र ‘आठ ट्रॅक’ एवढं ऐकून पैसे देऊ नका. यंत्रात ट्रॅक किती आणि एका वेळी आत किती आवाज घेता येतात, हे दोन वेगळे आकडे. झूमच्या आर 8 वर ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी दोनच भरता येतात. घरी एकट्यानं आधी पेटी, मग तिच्यावर तबला, मग गाणं असं थर चढवणाऱ्याला ते छान. भजनात सगळ्या एकदमच गातात. तिथे टॅस्कॅम डीआर 40 एक्स किंवा झूम एच4एन प्रो यांसारखं यंत्र हवं: अंगचे दोन माइक आणि बाहेरून जोडलेले दोन, असे चार ट्रॅक एकाच वेळी. आम्ही रेकॉर्डर तिपाईवर, सगळ्यांपासून थोडा लांब ठेवतो. बाहेरचा एक माइक गाणारीपुढे, दुसरा पखवाजाजवळ. गाणारीचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. तो हातभर लांब गेला की तिच्या ट्रॅकवरही टाळच शिरतात. ट्रॅक वेगळे केले म्हणून आवाज आपोआप वेगळे होत नाहीत, हे शिकायला मला तीन एकादशा लागल्या.

बाहेरच्या माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर जागा बघा. डायनॅमिक माइक तसाच चालतो. कंडेन्सर माइकला रेकॉर्डरकडून बहुधा 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, आणि तो चालू असला की बॅटऱ्या भराभर उतरतात.

पण माझा जीव खरा अडकलाय तो जात्यावर. माझ्या सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांना ओव्या येतात त्या फक्त जात्यावर. खुर्चीत बसवून विचारलं तर दोन ओळींपुढे आठवत नाही. म्हणून परड्यातलं जातं धुऊन घेतलं आणि मूठमूठ तांदूळ घालत त्या बसल्या. रेकॉर्डर मी शेजारीच जमिनीवर ठेवला होता. हेडफोनमध्ये ओवी नव्हतीच, फरशीतून येणारी घुमणारी धडधड तेवढी होती. मग चार घड्यांची घोंगडी घालून रेकॉर्डर तिच्यावर ठेवला, खालचे घुमणारे आवाज गाळणारा लो-कट लावला, आणि गळ्यासाठी छोटा माइक पदराला अडकवला. पदर माइकवर घासतो, म्हणून माइकची पिन खांद्याकडे लावावी. आता जात्याची घरघर ट्रॅकच्या एका जोडीवर आहे आणि ओवी स्वतंत्र. घरघर मी काढून टाकत नाही; तिच्याच फेऱ्यावर ओवीची ओळ वळते.

हे काम मोठ्या प्रमाणावर आधीच झालंय. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकांचं ध्वनिमुद्रण केलं. तो साठा आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आहे. तो ऐकल्यावर मला वाटलं, आमच्या शिवारातला गळाही कुठे तरी असायला हवा.

हल्ली ‘32 बिट फ्लोट’ची फार चर्चा आहे. अशा यंत्रात आवाजाची पातळी चुकली तरी नंतर सावरता येते, आणि नवख्याला त्याचा आधार खराच. पण माइकमध्येच आवाज फाटला, किंवा शेजारी पाण्याची मोटर चालू असली, तर तो काही करत नाही. साध्या 24 बिटवर मी सगळ्यांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवते. टाळ एकदम चढले तरी जागा उरते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर चार ट्रॅकच्या एका तासाला सुमारे 2 जीबी जागा जाते, म्हणजे 32 जीबीच्या कार्डावर पंधरा तास.

एकदा काकड आरतीच्या मध्यावर बॅटऱ्या उतरल्या, आणि बंद न झालेली ती फाइल उघडलीच नाही. त्या पहाटे गायलेल्या एक मावशी पुढच्या कार्तिकात नव्हत्या. तेव्हापासून मी नव्या सेलांशिवाय यंत्र उघडत नाही, दर अर्ध्या तासानं फाइल थांबवून नवी सुरू करते, आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी नक्कल ठेवते.

म्हणून हातात थोडे पैसे असतील तर सगळे रेकॉर्डरवर घालू नका. कान झाकणारा हेडफोन, एक बरा डायनॅमिक माइक आणि वाऱ्यासाठी माइकची केसाळ टोपी यांना त्यातून वाटा काढा. पावसाळ्यात राजहंसगडावर नुसत्या फोमच्या टोपीनं माझं एकही रेकॉर्डिंग टिकलं नाही. आणि एकट्या माणसाचं बोलणं टिपायचं असेल तर मल्टिट्रॅक नकोच; दोन ट्रॅकचा छोटा रेकॉर्डर पुरतो.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी तारीख, गाव आणि गाणारीचं नाव तोंडानं सांगते. आवाज कोण ऐकेल तेही आधी विचारते. आत्तींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकींनी ऐकू दे. सोयऱ्यांच्या नावानं घातलेली ती एक तेवढी नको.” ती ओवी मी वेगळ्या फाइलीत ठेवलीय, आणि ती कुणाला ऐकवत नाही.