लोण्याची पारख

लोण्याचा पांढराशुभ्र गोळा पाहून मन प्रसन्न होते. परंतु केवळ रूपावरून त्याची शुद्धता ठरत नाही. पूर्वी घरोघरी दही घुसळून लोणी काढीत. आज ते बहुधा विकत आणावे लागते. म्हणून त्याची पारख करणे अगत्याचे आहे.

भारतीय मानकांप्रमाणे पावाला लावण्याच्या लोण्यात दुधाचा स्निग्धांश निदान ८० टक्के हवा आणि पाणी १६ टक्क्यांहून अधिक नको. प्रयोगशाळेत लोणी तोलून तापवितात. पाणी उडून गेल्यावर जितके वजन घटते, तितके पाणी त्यात होते असे ठरते. उकडलेला बटाटा मिसळला असल्यास आयोडीनचे थेंब पडताच पिष्टामुळे निळा रंग उमटतो. वनस्पती तुपाची भेसळ इतकी सहज उघडी पडत नाही. म्हणून कायद्याने वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याचे बंधन घातले. बोदुआँ परीक्षेत हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल यांच्या योगाने हे तेल किरमिजी रंग दाखविते आणि साक्षीदाराप्रमाणे चोरी उघडकीस आणते.

रोगजंतू मात्र डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांच्यासाठी निराळी तपासणी असते. लोणी बालकांच्या व आजाऱ्यांच्या मुखी जाते. त्यात भेसळ करणारा केवळ पैशाची नव्हे, तर त्यांच्या पोषणाचीही चोरी करतो.