टायरमधला पाच मिलिमीटरचा थर

रोज सायकलवर कामाला जाणाऱ्याने पंक्चर टाळण्यासाठी कोणता टायर घ्यावा, यावर संपादकांना लेख हवा होता. टायरच्या वेष्टनावर काय छापलंय यापेक्षा टायरमधून काय निघतं ते मला पाहायचं होतं, म्हणून आधी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंक्चरच्या टपरीवर जाऊन बसले.

टपरीचे मालक साठीचे असतील. सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात धरली की बुडबुडे भोक दाखवतात, तेवढं कुणालाही जमतं. मामांचं खरं काम त्यानंतरचं. टायर उतरवण्याआधीच त्यांनी ट्यूबचा वॉल टायरवरच्या कोणत्या अक्षरापाशी आहे ते पाहून ठेवलेलं असतं. भोक वॉलपासून किती लांब आहे ते वितीने मोजायचं, टायरवर वॉलच्या दोन्ही बाजूंना तेवढंच अंतर धरायचं आणि तिथे आतून सुती चिंधी फिरवायची. चिंधी अडकली की काटा सापडला. तो निघेपर्यंत ते पॅचला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक घाई करतं, मामा ऐकत नाहीत. काटा टायरमध्येच राहिला, तर तेच गिऱ्हाईक संध्याकाळी सायकल ढकलत परत येणार, हे त्यांना ठाऊक असतं.

भोक कुठल्या बाजूला आहे यावरून ते निदानही करतात. रिमच्या बाजूला असेल, तर आऱ्याचं टोक रिम टेपमधून वर आलेलं असतं. शेजारीशेजारी दोन भोकं असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटलेली असते. टायर कितीही महाग घेतला तरी ही दोन पंक्चरं चुकत नाहीत. महिन्याला तीन पंक्चरं होतात म्हणून नवा टायर शोधणाऱ्याने आधी रिम टेप आणि हवा तपासावी, हे मी तिथे शिकले.

उरलेल्यांत निघाला बाभळीचा काटा, काचेचा कण, लेथवरचा लोखंडी कीस आणि केसाएवढी पोलादी तार. झिजलेल्या ट्रकच्या रेडियल टायरमधून अशा तारा सुटून रस्त्यावर पडतात. काच धारेने कापते, काटा आणि तार टोकाने घुसतात, आणि या दोन हल्ल्यांवर इलाज वेगळे आहेत. कापण्याविरुद्ध चिवट धाग्यांचा पट्टा चालतो. स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 साली ड्युपाँटमध्ये शोधलेल्या केव्हलरच्या जातीचे धागे त्यासाठी वापरतात. पण बारीक टोक धाग्यांच्या मधून वाट काढतं. त्याला अडवतं ते अंतर: ट्यूब आणि रस्ता यांच्यामध्ये जितकं जाड रबर, तितकी ट्यूब सुरक्षित.

श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या 'मॅरेथॉन प्लस' टायरमध्ये हेच अंतर तयार केलंय. बाहेरच्या नक्षीदार रबराखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचीक रबरी थर आहे. ड्रॉइंग पिन डोक्यापर्यंत रुतते, पण ट्यूबपर्यंत पोचत नाही. टायरचा काप पाहिला तेव्हा मला या साधेपणाचं फार कौतुक वाटलं. यात कुठलंही रसायन ओतायचं नाही आणि हवाही तशीच राहते. हवा राहणं महत्त्वाचं आहे. 1887 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या, त्या भरीव टायरचे हादरे सोसवेनात म्हणून. पंक्चर नको म्हणून आज कुणी भरीव टायर घालतं, तेव्हा ते हादरे परत विकत घेतं.

आता अडचणी. 37-622 मापाचा हा टायर 900 ग्रॅमच्या आसपास भरतो. जाड रबर प्रत्येक फेऱ्याला दबतं आणि सुटतं, त्यात पायांची ताकद जाते. टायर इतका ताठ असतो की रिमवर चढवताना अंगठे दुखून येतात, आणि क्वचित पंक्चर झालंच तर रस्त्याच्या कडेला तो उतरवणं कष्टाचं. जोडीची किंमत साध्या काळ्या सायकलीच्या जवळपास जाते.

त्याहून मोठा घोळ मापाचा. 'अठ्ठावीस इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत 622 मिलिमीटरचे हायब्रिड सायकलींचे टायर येतात आणि 635 मिलिमीटरचे आपल्या काळ्या सायकलींचेही. एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही. 'सव्वीस इंची'मध्येही 26 × 1⅜ म्हणजे 590 आणि गिअरच्या सायकलींचा 26 × 1.95 म्हणजे 559. म्हणून दुकानात इंच सांगू नयेत. जुन्या टायरच्या कडेवरचा 40-635 सारखा आकडा वाचून दाखवावा: पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा. पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो मागच्या चाकाला घालावा. भार तिथे जास्त असतो, आणि पुढच्या चाकाने उडवून उभा केलेला काटाही त्यालाच लागतो.

भोसरीतल्या त्या टपरीवर येणाऱ्या बहुतेक सायकली 635च्या होत्या. त्यांच्यासाठी मामांकडे साधे काळे टायर टांगलेले असतात, आत संरक्षक थर नसलेले. मग कामगार जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अंथरतात. काही महिने काटे अडतात, पुढे त्याच चिरलेल्या ट्यूबची कड घासून आतली ट्यूब झिजते. पावसाळ्यात तर ओली काच रबरात अधिक सहज शिरते, आणि गेटवर उशीर झाला की अर्धा खाडा लागतो. या 635च्या, म्हणजे 28 × 1½च्या देशी टायरमध्ये तीन मिलिमीटरचा तरी रबरी थर का घालू नये, याचं तांत्रिक कारण मला दिसत नाही. वजन थोडं वाढेल, पण ती सायकल मुळातच वीस किलोच्या आसपास असते.