अमेरिकेचा अध्यक्ष खरंच सर्वशक्तिमान असतो?

गैरसमज : अध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा.

वस्तुस्थिती : १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसलेल्यांना राजा नको होता, पण बेभान बहुमताचीही तितकीच धास्ती होती. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचा सत्ताविभाजनाचा विचार त्यांना ठाऊक होता. त्यांच्यातल्याच जेम्स मॅडिसन यांनी त्यापुढे जाऊन सांगितलं की, नुसती विभागणी पुरत नाही; एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनेच अडवायला हवं. म्हणून अध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, पण काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढू शकतात.

हे कागदावरच राहिलेलं नाही. १९५२मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं. २०१८च्या अखेरीस सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून ट्रम्प आणि काँग्रेस अडून बसले, तेव्हा केंद्राची अनेक कार्यालयं ३५ दिवस बंद राहिली. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत फेटाळला गेला तर सरकारला जावं लागतं. तिथे अध्यक्ष जागेवरच राहतो, पगार थांबतो तो कर्मचाऱ्यांचा!

तरीही हा गैरसमज अगदीच निराधार नाही. पुढे ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून लष्कराचा निधी भिंतीकडे वळवलाच. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, पण तिने तो शेवटचा वापरला १९४२मध्ये. व्हिएतनाम आणि इराकची युद्धं औपचारिक घोषणेविनाच लढली गेली. माझ्या मते, अध्यक्षाने सत्ता बळकावली त्याहून अधिक ती काँग्रेसने हातची जाऊ दिली.

गैरसमज : देशभरात सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष होतो.

वस्तुस्थिती : निवड ५३८ निर्वाचक करतात, २७० हवेत. अल गोर (२०००) आणि हिलरी क्लिंटन (२०१६) जास्त मतं मिळवूनही हरले.

गैरसमज : कायदे रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार अमेरिकी घटनेत लिहिलेला आहे.

वस्तुस्थिती : तसं स्पष्ट कलम नाही. १८०३च्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात न्यायालयाने तो स्वतःच प्रस्थापित केला. (हे मॅडिसन म्हणजे वर आलेले तेच, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री.)

अमेरिकेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अध्यक्षीय आणि संसदीय अशा दोन्ही पद्धती तोलल्या. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, उत्तरदायित्व कमी, असं त्यांनी मांडलं. संविधानाच्या मसुद्यात उत्तरदायित्वाला झुकतं माप देऊन संसदीय पद्धत सुचवली होती, आणि भारताने तीच स्वीकारली.