गळ्यापासून विणलेला अंगरखा

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या मोहगावकडे रात्री गारठू लागतात. सौंसर-पांढुर्णा भागातील आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारास लागलेली असतात, कपाशीची वेचणी चालू असते, आणि घरोघरी पेटीतून गेल्या वर्षीचे गरम कपडे बाहेर निघतात. मध्यरात्रीच्या मिस्सेला मुलांना न्यावयाचे तर अंगावर काहीतरी उबदार हवेच. परंतु पेटी उघडली की दर वर्षी एकच अनुभव येतो: कपडा आहे तेवढाच आहे, मूल मात्र वाढले आहे.

आमच्या घरी असेच झाले. सहा वर्षांच्या नातवाच्या स्वेटरच्या बाह्या मनगट सोडून वर गेल्या होत्या. नागपूरच्या बाजारात हिवाळ्यात तिबेटी बांधव गरम कपड्यांची दुकाने मांडतात, तेथून नवा स्वेटर आणणे काही अवघड नव्हते. परंतु या स्वेटरची तपकिरी लोकर मुलाच्या आजोबांच्या स्वेटरची होती, आणि आजोबा दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेले. तो टाकून द्यावा असे कोणाच्या तोंडून निघेना. खालून चार बोटे वाढवावा म्हणून आम्ही कड उसवू लागलो. पण धागा काही केल्या सरळ निघेना, प्रत्येक टाक्यात अडकू लागला.

याचे कारण सोपे आहे. विणकाम ज्या टोकाला संपते त्याच टोकाकडून ते सुरळीत उसवते. आपण साधारणपणे स्वेटर खालच्या पट्टीपासून विणू लागतो व खांद्याशी संपवितो. पाठ, पुढा आणि दोन बाह्या वेगळ्या करून मग शिवतो. म्हणून जेथे कपडा वाढवावयाचा, तेथेच तो उसवत नाही. याउलट गळ्यापासून आरंभ करून खाली विणत गेले, तर शेवट खालच्या घेराशी व मनगटाशी होतो. पुढील वर्षी बंद केलेले टाके सोडावेत, पट्टी उसवावी, टाके सुईवर घ्यावेत आणि पुढे विणावे. शिवण तर कोठेच नाही.

‘शिवण नाही’ हे शब्द लिहिताना कोणत्या ख्रिस्ती वाचकास क्रुसाखालचा तो अंगरखा आठवणार नाही? संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगतात की, प्रभूचा झगा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता. म्हणून शिपायांनी तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. तो झगा मागावर विणलेला असावा. सुयांचे विणकाम पुढे पुष्कळ काळाने आले. तरीही इ. स. १४०० च्या सुमारास जर्मनीतील बेर्ट्राम नावाच्या चित्रकाराने बुक्सटेहुडे येथील वेदीसाठी एक चित्र काढले, त्यात पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणीत आहे, आणि काम गळ्यापाशी आले आहे. समोरून देवदूत क्रूस, भाला व काट्यांचा मुकुट घेऊन येत आहेत. हे चित्र आज हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. आई विणते आहे आणि मुलापुढे काय वाढून ठेवले आहे ते तिच्या दारात उभे आहे. तरी तिचे हात थांबलेले नाहीत.

आजीने जुना स्वेटर वरून, म्हणजे त्याच्या शेवटाकडून, पुरता उसविला. उसवलेली लोकर तशीच विणू नये. ती कुरळी झालेली असते व टाके वेडेवाकडे पडतात. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात धुवावी आणि खाली थोडे वजन अडकवून सावलीत वाळवावी, म्हणजे धागा सरळ होतो. वाढत्या अंगाला ती लोकर पुरण्यासारखी नव्हती. तेव्हा गळ्याखालचा खांद्यांभोवतीचा गोल भाग, ज्यास योक म्हणतात, तो घरातील उरल्यासुरल्या रंगांनी करावयाचे ठरले: संत्र्याचा केशरी, पानाचा हिरवा आणि कपाशीचा पांढरा.

सहा वर्षांच्या मुलासाठी, छाती २४ इंच धरून, हिशेब असा. ८ नंबरच्या सुयांवर एका इंचात ५ टाके व ७ फेऱ्या बसतात की नाही, हे लहान नमुना विणून आधी पाहावे. दोन्ही बाजूंना टोके असलेल्या चार सुयांवर ७२ टाके घालून, टाक्यांना पीळ पडू न देता गोल जोडावेत आणि दोन सुलट, दोन उलट अशी इंचभर गळपट्टी करावी. मागील गळा थोडा उंच हवा, म्हणून पाठीकडच्या ३६ टाक्यांवरच जाऊन-येऊन चार ओळी अधिक घालाव्यात. वळताना पुढच्या टाक्यास धागा गुंडाळावा, म्हणजे भोक पडत नाही.

आता योक. सहा फेऱ्या झाल्यावर प्रत्येक दोन टाक्यांमागे एक वाढवावा, म्हणजे १०८ होतात. अठराव्या फेरीस प्रत्येक तिनामागे एक, म्हणजे १४४. तिसाव्या फेरीस प्रत्येक चारामागे एक, म्हणजे १८०. टाके वाढले की गोल सुईवर घ्यावेत. अशा ४२ फेऱ्यांत सहा इंचांचा योक पुरा होतो. या तिन्ही संख्यांना चाराने व सहाने पूर्ण भाग जातो, म्हणून चार किंवा सहा टाक्यांची कोणतीही नक्षी फेरीत बरोबर बसते. मागून जाणारा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब सोडू नये, नाहीतर मुलाची बोटे त्यात अडकतात.

नक्षीला उठाव हवा असल्यास रंगीत फेरीत मधूनमधून एखादा टाका उलट घ्यावा. त्या ठिकाणी खालच्या फेरीचा रंग बारीक मण्यासारखा वर येतो आणि दोन रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. याच युक्तीने स्वीडनमधील बोहुसलेन प्रांताचे स्वेटर जगभर नावाजले. तेथील ग्रॅनाइटच्या खाणींचे काम बसले, पाथरवटांची घरे उपाशी पडली, तेव्हा त्यांच्या स्त्रियांनी गव्हर्नरांच्या पत्नी एम्मा याकोबसन यांच्याकडे काम मागितले; भिक्षा मागितली नाही. १९३९ साली त्यांनी उभी केलेली ‘बोहुस स्टिकनिंग’ ही संस्था १९६९ पर्यंत चालली.

योक पुरा झाला की १८० टाक्यांची वाटणी करावी: पुढा ५४, पाठ ५४ आणि बाह्यांचे ३६-३६. बाह्यांचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवावेत. प्रत्येक काखेत १० नवे टाके घातले की अंगाचे १२८ टाके होतात, म्हणजे साडेपंचवीस इंचांहून किंचित अधिक घेर. पट्टी धरून काखेपासून दहा इंच विणावे. बाहीचे काखेसह ४६ टाके होतात. दर पावणेदोन इंचांनी दोन टाके कमी करीत ३६ वर आणावे व मनगटाची पट्टी करावी. अंगावर घालून पाहता येते, ही या रीतीची आणखी एक सोय. मात्र लांबी वाढविता येते, रुंदी नाही. म्हणून घेर आरंभीच दोन इंच सैल ठेवावा.

तपकिरी लोकरीने अंग झाले आणि एक बाही झाली. दुसऱ्या बाहीला ती कोपरापाशी संपली. आम्हांस वाईट वाटले. आजीने मात्र उरलेला हिरवा धागा घेतला आणि बाही पुरी केली. “पुढच्या वर्षी लांबवायचीच आहे,” एवढेच ती म्हणाली.

जुन्या करारातील हन्ना आपल्या शमुवेलासाठी दर वर्षी एक लहान झगा करून मंदिरात घेऊन जात असे, असे पवित्र शास्त्र सांगते. वर्षभर जो दृष्टीस पडत नाही, त्या मुलाची उंची ती कशी अजमावीत असेल? आमच्या आजीपुढे तो प्रश्न नाही. नाताळच्या मिस्सेला मुलगा तिच्या शेजारीच उभा असेल, एक बाही तपकिरी आणि एक हिरवी. हिरव्या लोकरीची एक लहान गुंडी तिने पेटीत वेगळी ठेवली आहे.